बावखेडच्या पायविहिरीवरची शकुन

बावखेडची पायविहीर पाहायला येणाऱ्या माणसाला आधी शकुन पाहावी लागते. दर्यापूरहून अब्दुल रहीमची काळीपिवळी जीप कपाशीच्या वावरांमधून हिंदकळत येते, विहिरीजवळच्या लिंबाच्या पाराशी थांबते, आणि पाहुणे आखडलेली कंबर सरळ करतात न करतात तोच पारावरून आवाज येतो.

“चपला, जोडे अठीच काढा. पायऱ्यायले शेवाळ हाय. उजव्या भितीले हात लावून उतरा, डाव्या अंगानं जाऊ नोका. सेंट मारला काय कोनी? मारला असन तं त्यानं वरच बसा. मधल्या कमानीत मोहोळ हाय, त्याले वास खपत नाई. वरडू नोका, शिट्या मारू नोका. पान्यात पैसे टाकू नोका, मंग आमच्या मालकाले ते काढत बसा लागते. लघवीले जायचं असन तं शाळंमागं जाऊन या, खाली सोय नाई. अन् दुपार टळायच्या आंधी उतरा. ऊन डोक्यावर असलं तवाच तळापर्यंत उजेड पडते.”

हे सगळं ती एका दमात म्हणते. पुण्याकडचे लोक जरा बिचकतात, त्यांना वाटतं बाई भांडायलाच उठली. ती भांडत नसते, पण आतून पेटलेली असते हे मात्र खरं. कुठून कुठून आलेली ही माणसं पाचदहा मिनिटांत खाली उतरणार, तिथला गारवा खाणार, फोटो काढणार, आणि लग्न होऊन आल्यापासून विहिरीच्या तोंडाशी बसलेल्या शकुननं ती आतून एकदाही पाहिलेली नव्हती. पाहुण्यांच्या चपला जोडीजोडीनं लावताना तिला त्या चपलांचासुद्धा राग येई.

कारण बावखेडात सून पायविहिरीत उतरत नाही. लेकी उतरतात. सासरी गेलेली लेक माहेरी आली की पिशवी ओसरीवर टाकते आणि आधी विहिरीत जाते. सुना तिच्या चपला आणि पोरं सांभाळत पारावर बसतात. हिंदूच्या घरची असो की मुसलमानाच्या, सून म्हणजे सून, तिची जागा वर. तळाच्या कोनाड्यात साती आसरा आहेत. पाण्यातल्या त्या सात बहिणी स्वतः या विहिरीच्या लेकी, त्यामुळे त्यांना लेकी चालतात, सुना खपत नाहीत, असं गावात सांगतात.

आणि हे काही नुसतं सांगणं नव्हतं, शकुननं पुरावाच पाहिला होता. भातकुलीहून ती नवी नवरी म्हणून आली, तेव्हा नणंद रुख्मिणी पहिल्याच सणाला माहेरी आली आणि थेट विहिरीत उतरली. पारावर शकुनशेजारी आणखी एक सून बसली होती. शकुन तिला हळूच म्हणाली, “माह्या ननंदंची वेनी लांब का जीभ लांब, तेच समजत नाई.” थोड्या वेळानं रुख्मिणी वर आली, वेणी पुढं घेतली आणि शकुनच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, “काव वैनी, मोजतं काय?” शेजारची सून जागची हललीही नव्हती, मग सांगितलं कुणी? गाव म्हणालं, आसरा सांगतात लेकींना, त्यांच्यापासून काही लपत नाही. त्या दिवसापासून शकुनचा आसरांवर विश्वास बसला आणि रुख्मिणीवर राग.

पुढं विहिरीचं नाव पेपरात आलं, लोक पाहायला येऊ लागले. ग्रामपंचायतीनं लोखंडी फाटक बसवलं आणि त्याची किल्ली, झाडलोट आणि पाहुण्यांना खाली नेऊन दाखवणं हे काम शकुनच्या नवऱ्याकडं, सूर्यभानकडं, आलं. शकुनकडं आपोआपच चपला आल्या.

सूर्यभान तसा गरीब माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाशी भांडण नाही. पण बोलणंही नाही. घरात तो जेवढं बोलतो तेवढं पोस्टकार्डावर लिहिलं तरी खाली जागा उरेल. भाजी कशी झाली विचारलं तर “बरी.” रुख्मिणीच्या घरी लग्नाला गेला, आठवडाभर राहून आला, काय काय झालं विचारलं तर “झालं लगन.” शकुन बोलकी बाई. तिच्या माहेरी जेवण उरकायला उशीर व्हायचा तो गप्पांमुळं. इथं ती एकटीच बोलायची आणि समोरून फक्त भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. माणसाचा स्वभावच घुमा, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली असती. पण ती विहीर होती ना!

पाहुण्यांना घेऊन खाली गेला की हाच सूर्यभान बोलू लागे. वर शब्द कळत नसत, नुसतं घुमल्यासारखं ऐकू येई, दळण चालल्यासारखं. पण ते थांबतच नसे. एवढं काय बोलतो हा माणूस? दगडांबद्दल? मग एकदम चिडीचूप होई. बराच वेळ काही नाही. आणि मग हसू. सगळ्यांचं मिळून मोकळं हसू, आणि त्यात सूर्यभानचं. आधी घुमणं, मग चिडीचूप, मग हसू, रोज असंच. त्या चिडीचूप वेळात खाली काय चालतं या विचारानं शकुनचं डोकं फिरून जाई. वर आलेले पाहुणे चपला घालताना तिच्याकडं पाहून गालातल्या गालात हसत, तेव्हा तर तिला वाटे, एकेकाची चप्पल उचलून विहिरीत फेकावी.

“हे इहीर नाई सुरैय्या, माही सवत हाय,” ती म्हणे.

सुरैय्या म्हणजे अब्दुल रहीमची बायको. पारालाच लागून तिची चहापोह्यांची टपरी. तीही बावखेडची सून, बार्शीटाकळीहून आलेली, त्यामुळं तिनंही विहीर पाहिलेली नाही. दोघींचं दिवसभर बोलणं चाले. खरं तर शकुन बोले आणि सुरैय्या चहा गाळता गाळता हुंकार देई.

“सवत तं सवत,” सुरैय्या म्हणे. “मेरे घर तो गाडी सवत हाय. तिले रोज आंघोय घालते हा मानूस. मले कधी इचारलं नाई, पानी तापवू का म्हनून.”

शकुन हसे, पण तेवढ्यापुरतं. गाडीशी कुणी गप्पा मारत नाही, एवढं तिला कळत होतं.

मग आकांक्षा येऊ लागली. अमरावतीच्या कॉलेजात इमारतींचं शिकणारी पोरगी. केस आखूड, पायात ढगळ पँट, पाठीवर बॅग, हातात मोठा फळा आणि मोजायची टेप. तिला या विहिरीचा नकाशा काढायचा होता, त्यामुळं दर इतवारी सकाळच्या जिपेनं ती हजर. “काकू, येते हां,” म्हणून बूट काढी आणि खाली जाई, ती उन्हं कलल्यावरच वर येई. टेपेचं दुसरं टोक धरायला सूर्यभान. इतर पाहुण्यांसोबत घुमणं घटकाभर चाले, हिच्यासोबत सगळा दिवस. आणि चिडीचूप तर इतका वेळ, की शकुन पोहे खायचं विसरून सुरैय्याजवळ तणतणत बसे. मग हसू येई. पोरगी खळखळून हसे आणि तिच्या मागोमाग सूर्यभान. नवऱ्याचं इतकं मोकळं हसू शकुननं घरात ऐकलंच नव्हतं. त्यांना लेकरू नव्हतं. पोरगी वयानं लेकीसारखीच होती आणि उगीच भलता संशय घेण्याएवढी शकुन खुळी नव्हती. पण जळायला संशय लागतो कुठं? ती जळत होती, आणि ते ती लपवतही नव्हती.

“लेकीसारखी हाय म्हनूनच जास्त लागते,” ती सुरैय्याला म्हणाली. “सवतीसंगं भांडता येते. लेकीसंगं कसं भांडू?”

त्यात एकेक गोष्टी होऊ लागल्या. एका इतवारी शकुनचा घसा बसला. ती सुरैय्याजवळ कुरकुरली की ओरडून ओरडून घशाची चाळण झाली. पुढच्या इतवारी आकांक्षानं बॅगेतून खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची पुडी काढली. “काकू, हे तोंडात ठेवा. तुमचा आवाज बसला तर आमचं कसं व्हायचं?” शकुननं पुडी घेतली आणि ती हिरमुसली. म्हणजे हा माणूस खाली तिच्याशी माझ्या घशाबद्दल बोलतो! मला तोंडावर एका शब्दानं विचारत नाही, आणि तिच्याशी बोलतो!

नंतर पाराच्या दगडानं कंबर धरते असं ती एकदा म्हणाली, तर सूर्यभाननं दर्यापूरच्या बाजारातून तिला बसायला जाड गादी आणली. शकुनला गादीचा आनंद झाला नाही. याला आपल्या मनानं हे कधीच सुचलं नसतं, तिनंच सुचवलं असणार. गादीवर बसून शकुन दिवसभर गादीचा राग करत राहिली.

आणि एका इतवारी तिच्यानं राहवलं नाही. सूर्यभान झाडू घेऊन खाली गेला होता. जीप आली, तीत आकांक्षा एकटीच होती. ती खाली उतरायच्या आतच शकुन उठून उभी राहिली.

“आज इहीर बंद हाय. मोहोळ उठलं.”

“अरे बापरे. काका ठीक आहेत ना?”

“काका दर्यापूरले गेले.”

पोरीचा चेहरा पडला. तिनं फाटकाकडं एकदा पाहिलं, “बरं काकू, पुढच्या रविवारी येते,” म्हणाली आणि पुन्हा जिपेत बसली. अब्दुल रहीमनं स्टिअरिंगवरून मान बाहेर काढली.

“मोहोळ उठलं तं तुमी कशा बसल्या अठी, भाभी?”

“मले चावत नाई ते,” शकुन म्हणाली.

जीप वळून फाट्याकडं गेली. धुरळा खाली बसेपर्यंत सुरैय्या हातात गाळणी धरून तशीच उभी होती.

“झूट काहून बोलली वं?”

झालं, शकुनचा बांध फुटला. ती पारावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

“मले त्या पोरीचा राग नाई, सुरैय्या. पोरगी गुनाची हाय. मले त्या बोलन्याचा राग हाय. जे तिले भेटते, त्या पुन्याहून येनाऱ्या बायकायले भेटते, ते मले काहून भेटत नाई? म्या काय वाईट केलं? साऱ्या दुनियेच्या चपला सांभाळतो मी. लोकं खाली जातात, हासतात, अन् मी वर बसून कुत्र्यावानी कान टवकारतो. एक डाव, फक्त एक डाव म्हनाव त्या मानसानं, चाल शकुन, तुले दाखवतो. पान्यात ढकलून दिलं तरी चालन मंग.”

सुरैय्यानं चूल बारीक केली आणि तिच्याजवळ येऊन बसली. तिनं शकुनच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं सूर्यभान झाडू खांद्यावर टाकून वर आला. शकुननं घाईघाईनं डोळे पुसले. आता हा विचारणार, जीप आली नाही काय, पोरगी कुठं आहे? पण त्यानं काहीच विचारलं नाही. चहा घेतला. मग रस्त्याच्या कडेला जाऊन कुणाला तरी फोन लावला आणि पाठमोरा उभा राहून बोलू लागला. तिलाच लावला असणार, शकुनच्या मनात आलं, आणि रडून हलका झालेला जीव पुन्हा जळू लागला. आता आपलं खोटं बाहेर पडणार, हेही तिला कळत होतं.

फोन खिशात ठेवून तो तिच्यासमोर आला.

“चाल.”

“कुठी?”

“खाली.”

सुरैय्यानं विसळायला घेतलेली कपबशी खाली ठेवली.

“मी सून आहो इथची.”

“मले मालूम हाय.”

“अन् आसरा?”

“आसरांचं मी पाह्यतो. तू चपला काढ.”

शकुननं आपल्या चपला काढल्या आणि सवयीनं जोडीनं लावल्या. इतकी वर्षं ती दुसऱ्यांना जे सांगत आली होती, ते आता तिच्या तळपायांना कळू लागलं. शेवाळ खरंच होतं. उजवी भिंत खरंच कोरडी आणि गार होती. खाली जाऊ तसा लिंबावरच्या पाखरांचा गलका पुसट होत गेला. मधल्या कमानीला मोहोळ काळ्या घोंगडीसारखं लटकलं होतं, सूर्यभाननं ओठांवर बोट ठेवलं आणि दोघं पावलं न वाजवता खालून गेले. कमानीमागून कमान, खांबांवर वेली कोरलेल्या, कुणी कधी कोरल्या कोण जाणे. ऊन डोक्यावर आलं होतं आणि ते सरळ तळाच्या पाण्यात उभं होतं. पाणी हिरवं, थंड. कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड. शकुननं घाबरत हात जोडले. आसरांनी तिला काही केलं नाही.

“लय साजरी हाय हो,” ती म्हणाली.

कोनाड्याच्या बाजूला भिंतीतच एक दगडी बैठक होती, बसून बसून गुळगुळीत झालेली. सूर्यभाननं तिला तिथं बसवलं.

“बस. बोलू नोको. नुसती बस.”

आणि तो पायऱ्या चढून निघून गेला. एकटीला टाकून! शकुनला काय करावं कळेना. दाखवायला म्हणून आणलं, आणि इथंही दोन शब्द बोलायला या माणसाला जड झालं. ती रागानं उठणार, तेवढ्यात तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं,

“हाय अल्ला, भाभीले अकेली सोडून आले काय तुमी?”

शकुन दचकून वळली. कुणीच नव्हतं. आवाज सुरैय्याचा होता, कपबश्या विसळल्याचा आवाजही होता, अगदी हाताच्या अंतरावरून आल्यासारखा. तिनं वर पाहिलं. बैठकीच्या माथ्यावर भिंतीत एक चौकोनी भोक होतं. जुन्या लोकांनी हवेसाठी ठेवलेला झरोका. तो सरळ वर जात होता आणि पाराच्या बुडाशी जी दगडी जाळी होती, जिच्याकडं शकुननं कधी लक्ष दिलं नव्हतं, तिथं निघत होता.

शकुननं झरोक्याला कान लावला.

म्हणजे रुख्मिणीला आसरांनी काही सांगितलं नव्हतं. ती इथं बसली होती, याच दगडावर. तिच्या आधीची लेक इथंच, तिच्याही आधीची इथंच. कित्येक पिढ्यांच्या नणंदांनी इथं बसून भावजयांचं बोलणं ऐकलं, आणि ही जागा हातची जाऊ नये म्हणून आसरांच्या नावानं सुनांना वर ठेवलं. सटव्या! शकुनला रुख्मिणीचा असा राग आला की मग तिला हसूच फुटलं.

हसता हसता ती थांबली. कारण पुढचं तिच्या ध्यानात आलं. घुमणं, मग चिडीचूप, मग हसू. सूर्यभान पाहुण्यांना विहीर दाखवत होता, मग इथं आणून गप्प बसवत होता, आणि वरून शकुन बोलत होती. एवढ्या लांबून येऊन लोक हसून जात होते ते तिच्या बोलण्याला. खडीसाखर तिच्याच कुरकुरण्यानं आली होती, गादीही तिच्याच. आणि घुम्या म्हणून, कंजूष म्हणून, घोरतो म्हणून तिनं या पारावर बसून सूर्यभानची जी चिंधी चिंधी केली होती, ती सगळी या माणसानं रोज इथं उभं राहून ऐकली होती. घरी तो काय बोलणार होता? तिचं सगळं बोलणं त्याच्यापर्यंत आधीच पोचलेलं असे. ज्या बाईवर ती इतके दिवस जळत होती ती बाई आपणच, हे आता तिला कळलं, आणि तिचे कान तापले.

मग तिला सकाळचं आठवलं. तो झाडू घेऊन इथंच होता, आणि वर ती रडत म्हणत होती, एक डाव म्हनाव, चाल शकुन, तुले दाखवतो.

वर जीप थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं.

“काका! तुमचा फोन आला म्हणून फाट्यावरूनच परत आणलं मला रहीमचाचांनी. मोहोळ बसलं का?” ही आकांक्षा.

“बसलं,” सूर्यभान म्हणाला.

“मग उतरू? उजेड आहे तोवर मधल्या कमानीचं माप घेऊन टाकते.”

“थांब पोरी. चपला काढून पारावर बस. खाली आमचं घरचं मानूस हाय. तिचं पाहून झालं का मंग तू.”

“काकू? खाली आहेत?” पोरीचा आवाज आनंदानं चढला. “आणि किती वेळ लागेल त्यांना?”

“ते मी कसं सांगू? तिनं लय वर्सं वर बसून वाट पाह्यली. तू उलशीक पाह्य. उजेड गेला तं उद्या येजो.”

शकुननं पदरानं डोळे पुसले. पाय वर घेऊन ती बैठकीवर नीट मांडी घालून बसली. इथून बोललेलं वर पोचतं ते नुसतं घुमल्यासारखं, शब्द कुणाला कळत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून मग नवऱ्याला जे जे सांगायचं राहून गेलं होतं ते तिनं सात आसरांच्या साक्षीनं तिथंच सांगायला सुरुवात केली.

वर पारावर सूर्यभान गादीवर बसला होता, शेजारी आकांक्षा, टपरीत सुरैय्या. तिघांना बराच वेळ विहिरीतून घुमणारा आवाज ऐकू येत राहिला. मग चिडीचूप झालं. आणि मग हसू.